तक्तेबाई

"प्रश्न सातवा," तक्तेबाई म्हणाल्या. "रुग्णालयातून मिळालेला आहारतक्ता घरी किती दिवस पाळला? आठवडाभर, महिनाभर, की त्याहून जास्त?"

समोरची बाई हसली. "दिवस कसले हो? शेवटपर्यंत पाळला. चार वर्षं."

तक्तेबाईंचं पेन कागदावरच थांबलं.

मोठ्या रुग्णालयात त्या एकवीस वर्षं आहारतज्ज्ञ होत्या. छापील तक्त्यांचा गठ्ठा छातीशी धरून या वॉर्डातून त्या वॉर्डात फिरायच्या, म्हणून नर्सांनी त्यांना तक्तेबाई म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पुढे चिकटलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी आहारशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. बढतीसाठी नव्हे. तेच तेच रुग्ण पुन्हा पुन्हा सुजून, फुगून परत यायचे, आणि माणसं ऐकत का नाहीत, हे त्यांना एकदा समजून घ्यायचं होतं. वर्गातली मुलं त्यांच्या मुलीच्या वयाची. मुलगी तर रोज संध्याकाळी विचारायची, "आई, गृहपाठ झाला का? की बाकावर उभी राहिलीस आज?"

मार्गदर्शक मॅडम त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही पेशंटला सांगता, ते ठीक आहे. पण त्याला काय कळलं, हे त्याच्याकडून कधी वदवून घेतलंत?" बाकीच्यांनी ते वाक्य वहीत उतरवलं. तक्तेबाईंच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

प्रबंधासाठी त्यांनी जुन्या फायलींमधून चाळीस रुग्ण निवडले. सगळ्यांच्या फायलीवर एकच शिक्का होता: 'सल्ला पाळला नाही.' फेरतपासणीला न येणाऱ्यांच्या फायलीवर तो मारायची पद्धतच होती. या चाळीस जणांच्या घरी जायचं, प्रश्नावली भरून घ्यायची. अकरावं घर एका बाइंडरचं निघालं. जन्मभर छापखान्यात पुस्तकं बांधलेला माणूस. आठ महिन्यांपूर्वी तो गेला होता. दार त्याच्या बायकोने उघडलं.

"बघायचाय का तक्ता?" ती आता म्हणाली आणि स्वयंपाकघरातून घेऊन आली. तक्ता जाड पुठ्ठ्यावर डकवलेला होता, कडांना निळं कापड लावून. एकही सुरकुती नाही. "त्यांचा हातच तसा होता. म्हणाले, कागद चार दिवसांत फाटेल, बांधूनच टाकतो."

खाली तक्तेबाईंची सही होती.

मीठ बंद. अंडी, मासे, मांस बंद. डाळी बंद. दूध अर्धा कप. मूत्रपिंडाला सूज आली होती तेव्हाचा तक्ता. सहा आठवड्यांसाठी दिलेला.

"तुम्ही फेरतपासणीला आला नाहीत," तक्तेबाई सावकाश म्हणाल्या.

"सूज उतरली, बरं वाटायला लागलं. छापखान्यात सुट्टी मिळत नव्हती. म्हटलं, बरा माणूस कशाला रांगेत उभा राहील?"

"मग दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांना दाखवलं नाही?"

"गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवायचो की. खूप वाळले होते ना. त्यांनी विचारलं, खाता काय? हे म्हणाले, मोठ्या रुग्णालयाने लिहून दिलंय तेच. मग ते म्हणाले, असं होय, मग चालू द्या." तिने पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "मीही तेच खायचे. त्यांच्या समोर बसून वेगळं कसं गिळायचं? शेवटी साधा ताप आला, छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणाले, अंगात झुंजायला काही उरलंच नाही."

तक्तेबाई तळाच्या ओळीकडे बघत होत्या. 'सदर आहार पुनर्मूल्यांकनापर्यंतच लागू.' 'पुनर्मूल्यांकन' हा शब्द त्यांनीच शोधून घातला होता. तेव्हा तो फार भारदस्त वाटला होता.

"ही ओळ वाचली होती तुम्ही?"

"दोघांनी वाचली. ते म्हणाले, कचेरीच्या कामाचं असेल काहीतरी, आपल्यासाठी नसावं." मग तिने मान वर केली. "बाई, माझं काही कमी तर पडलं नाही ना? एवढं सांभाळूनही गेले, म्हणून विचारते."

"नाही," तक्तेबाई म्हणाल्या. "तुमचं काही कमी पडलं नाही."

ते खरंही होतं. पण तेवढंच सांगून त्या उठल्या.

मार्गदर्शक मॅडमनी मुलाखत दोनदा वाचली. "सगळा प्रबंध या एका मुलाखतीवर उभा राहील," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारत होतात, माणसं ऐकत का नाहीत. हा माणूस तर ऐकूनच..."

"तो तक्ता माझा आहे, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "तक्ता कोणाचा, हे प्रबंधात लिहायलाच हवं असं नाही."

"आणि तिला सांगायचं की नाही?"

"ते कुठल्याच नियमावलीत नाही. तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल."

रविवारी दुपारी तक्तेबाई पुन्हा त्या घरी गेल्या. प्रश्नावली नेली नाही. बाइंडरच्या बायकोने पाणी दिलं, ते तसंच हातात धरून त्यांनी सगळं सांगितलं. सहा आठवडे म्हणजे काय, तो शब्द म्हणजे काय, तो कोणी लिहिला.

"सहा आठवडे," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"शेवटच्या वाढदिवसाला त्यांनी एक अंडं मागितलं होतं. उकडलेलं. लहान मुलासारखं हळूच म्हणाले, एवढंच. मी म्हटलं, तक्ता बघा आधी. तर गप्प बसले." तिने पदराने तोंड पुसलं. "एक अंडं हो."

तक्तेबाईंना माफी मागायची होती. वाटेत वाक्यं जुळवलीही होती. पण त्यांनी फक्त हातातलं पाणी न पिताच खाली ठेवलं.

"आम्ही आलो नाही, तर तुम्ही का नाही बोलावलंत?"

"बोलवायला हवं होतं. आम्ही फक्त फायलीवर शिक्का मारला."

"कसला शिक्का?"

तक्तेबाईंनी सांगितला. तोवर शांत बसलेली ती बाई ताडकन उठली.

"त्यांनी? पाळला नाही? अहो, लेकीच्या लग्नात पाहुण्यांना वाढून हा माणूस आत येऊन फिका भात खात बसला! भाऊबंद हसले त्यांना. आणि तुमच्याकडे लिहिलंय, पाळला नाही?"

"मी बदलेन ते."

"आधी ते बदला. तुमच्या त्या पुस्तकात काय लिहायचं ते लिहा, माझी ना नाही. पण त्यांनी ऐकलं नाही, असं कुठे राहता कामा नये."

सोमवारी सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधीच तक्तेबाई रेकॉर्डरूममध्ये गेल्या. फाईल काढून शिक्क्यावर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'रुग्णाने सल्ला पूर्णपणे पाळला. सल्ला अपुरा होता.' खाली सही केली, तारीख घातली. क्लार्क म्हणाला, "बाई, असं लिहिता येत नाही. वरून विचारतील." त्या म्हणाल्या, "विचारू देत." मग त्या पानाची प्रत काढून घेतली.

संध्याकाळी ती प्रत द्यायला त्या गेल्या. बाइंडरच्या बायकोने उभ्यानेच वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून. घडी घालून ती फडताळात ठेवली.

"जेवून जा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आग्रहही नव्हता. "एकटीला घास उतरत नाही."

तक्तेबाई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसल्या. गॅसवर बटाट्याची भाजी शिजत होती. तिने डब्यातून चिमूटभर मीठ घेऊन घातलं, ढवळलं, चमचाभर रस्सा तळहातावर घेऊन चाखला आणि डोळे मिटून उभी राहिली. पुन्हा चाखला.

"मीठ किती झालं ते मला आता कळतच नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघता का?"

तक्तेबाई उठल्या. तिने पुढे केलेला चमचा त्यांनी तोंडाला लावला.

"अजून थोडं लागेल," त्या म्हणाल्या.

तिने डब्यात दोन बोटं घातली, आणि तशीच थांबली. "थोडं म्हणजे किती, ते नीट सांगा," ती म्हणाली.