मडकंभर तांबं

सीरियातल्या आसी नदीकाठच्या पडक्या प्राचीन नगरीची राखण शाहीननं एकतीस वर्षं केली. लढाई पेटली, पगार थांबला, कुंपण कुणीतरी उपटून नेलं आणि आसपासची गावं कुदळी घेऊन तिथं उतरली. शाहीन घरात बसून राहिला. पण बायकोच्या, खदूजच्या, पायाची जखम काळी पडली तेव्हा त्यानंही फावडं उचललं. इन्सुलिन मिळत होतं, पण सोन्याच्या भावानं.

कुठं खणायचं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी जुन्या चर्चच्या भिंतीशी मडकं लागलं. आत बायझंटाईन राजांची तांब्याची नाणी, हिरवी पडून एकमेकांना चिकटलेली. एकावर त्यानं अंगठा घासला, राजाचा चेहरा वर आला. शाहीननं पटकन मडक्यावर फडकं टाकलं.

विकत घेणारा एकच होता, हम्दू. एका नाण्यापायी शाहीननंच त्याला पूर्वी पोलिसांच्या हवाली केलं होतं. दोन वर्षं आत होता.

"या, शाहीनकाका. बसा. चहा घ्या."

हम्दूनं मडकं चटईवर उपडं केलं, ढीग बोटानं पसरला.

"तांबंच आहे सगळं, काका. पोत्यानं येतंय हल्ली. सीमेपलीकडचे लोक फुकटसुद्धा उचलत नाहीत."

"तू तर एकासाठी आत गेला होतास."

"तेव्हा राखायला तुम्ही होता. म्हणून भाव होता." हम्दू हसला नाही. खिशातून काही नोटा काढून त्यानं पुढं केल्या. "एक कुपी येईल. नाण्यांचे नाहीत हे. काकूंसाठी."

शाहीनला वाटलं, यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं पैसे घेतले, नाणी पुन्हा मडक्यात भरली.

कुपी आठ दिवस पुरली. नवव्या दिवशी खदूजला ताप चढला, बाराव्या दिवशी ती गेली.

दुखवट्याचे दिवस सरल्यावर शाहीन मडकं घेऊन नगरीत गेला. जिथलं होतं तिथं पुरून टाकावं, एवढंच मनात होतं. पण नजर पोचेल तिथवर खड्डेच खड्डे. चर्चची भिंतही कुणीतरी दगडांसाठी नेली होती. दगड न् दगड ओळखीचा असलेल्या त्या जागेत तो दुपारपर्यंत भटकला, स्वतःचा खड्डा काही सापडला नाही. शेवटी थकून एका खड्ड्याच्या काठाला टेकला.

"ओ काका," आतून एक अनोळखी माणूस म्हणाला, "हा माझा आहे. दुसरीकडं बघा."

शाहीन उठला. कुठं जावं ते त्याला कळेना.