कापलेल्या तारा

अभिषेकने लॅपटॉपची पाठ उघडली, आत टॉर्च मारला आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"अक्का, याला वायरलेस नव्हतंच म्हणालात ना?"

"नव्हतं. भावानं दिला तेव्हाच सांगितलं होतं."

"हे बघा, अक्का." त्याने लॅपटॉप रूपाकडे वळवला. "ही वायरलेसच्या कार्डाची जागा. स्क्रू काढलाय, पण त्याचा वळ राहिलाय. आणि या दोन तारा अँटेनाच्या, स्क्रीनकडून आलेल्या. बिजागरीपाशी संपतात."

"तुटल्या असतील."

"तुटलेली तार अशी दिसत नाही, अक्का. कात्रीनं कापलीय. अगदी सरळ."

रूपा वाकून बघत राहिली. एक तार काळी, एक पांढरी. दोन्हींची टोकं एका लांबीची होती.

"नुसतं कार्ड घालून भागणार नाही," अभिषेक म्हणाला. "अँटेनाही नवी टाकायला लागेल. दोन तास बसावं लागेल तुम्हाला."

रूपाने मान हलवली. घरी शेजारच्या मंगलाकाकू आईपाशी बसल्या होत्या. ती मग कोप्पीकर रोडवरच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात स्टुलावर बसून राहिली.

तीन वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू लुळी पडली आणि रूपाने शाळेतली नोकरी सोडली. सून नव्हती, कारण अण्णाने लग्नच केलं नव्हतं. अण्णा म्हणजे तिचा मोठा भाऊ पद्मनाभ. धारवाडला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, तिथेच राहायचा आणि दर रविवारी देशपांडे नगरच्या घरी आईला भेटायला यायचा. आई दुपारी झोपली की रूपा एका कन्नड कादंबरीचा मराठी अनुवाद करत बसे. पहिली तीन प्रकरणं तिने वहीत लिहिली. अण्णाने ती टाइप करून घेतली आणि आपल्या ईमेलवरून कोल्हापूरच्या एका प्रकाशकाला पाठवली. महिनाभराने तो हा आपला जुना लॅपटॉप घेऊन आला.

"नेट लागत नाही याला, पण टायपिंगला चांगला आहे. त्यांचं उत्तर येईपर्यंत पुढचं करत राहा."

ती करत राहिली. दर रविवारी अण्णा पेनड्राइव्ह न्यायचा. पुढच्या रविवारी सांगायचा, "पाठवलं. उत्तर नाही अजून." एकदा ती म्हणाली, मीच फोन करते. त्यावर तो म्हणाला, "असं मागे लागलेलं त्यांना आवडत नाही गं." अशी बावीस प्रकरणं गेली. रूपाचा फोन साधा, बोलण्यापुरता होता. गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने वायफाय घेतलं आणि तुम्हीही वापरा म्हणाला, म्हणून तर ती इथे आली होती.

अभिषेकने स्क्रीनची चौकट नखाने हलकेच सोडवली. अँटेनाची चपटी पट्टी वरच्या कडेला चिकटवली, तारा कडेकडेने फिरवल्या आणि चिमट्याने बिजागरीतून खाली ओढल्या. कार्ड बसवून तारांची टोकं त्यावर दाबली. सगळं बंद करून लॅपटॉप सुरू केला, तर आजूबाजूच्या दुकानांची नावं एकाखाली एक उमटत गेली.

"आली रेंज," तो खुशीत म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हत्यारं आवरू लागला.

त्याच संध्याकाळी तिने स्वतःचा ईमेल काढला आणि प्रकाशकाला चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"आपण लिहिलंत, आनंद झाला. आपली तीन प्रकरणं आम्हाला फार आवडली होती. दोन्ही भाषा जाणणारं माणूस हवं होतं, म्हणून इथे संपादन विभागात याल का, असंही विचारलं होतं. आईंच्या आजारपणामुळे आपण हे काम कायमचं सोडल्याचं आपल्या बंधूंनी कळवलं. पुढे ती कादंबरी दुसऱ्यांकडून करून घेतली. गेल्या वर्षी निघाली."

खाली अण्णाचा जुना मेल जोडलेला होता. तारीख शुक्रवारची होती. त्याच रविवारी त्याने लॅपटॉप आणला होता.

रूपाने लॅपटॉप मिटला आणि आईची कूस बदलायला गेली.

रविवारी अण्णा आला तेव्हा ती आईला नाचणीची पेज भरवत होती. तो खुर्ची ओढून बसला. लॅपटॉप पलंगाच्या कडेवर उघडाच होता. अण्णाने तो मेल वाचला. चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा घातला नाही.

"तारा तू कापल्यास?"

"हो."

"कार्ड काढलं होतंस ना? मग तारा कशाला?"

"नुसतं कार्ड काढलं असतं तर तू दुसरं घातलं असतंस."

"आणि बाकीची प्रकरणं?"

"आहेत माझ्याकडे. सगळी वाचलीत मी." त्याचा आवाज खाली गेला. "चांगली झालीत, रूपा."

तिने चमचा वाटीत ठेवला. "अडीच वर्षं दर रविवारी माझ्या तोंडावर खोटं बोलत होतास. जीभ कशी रेटली तुझी, अण्णा?"

 त्याने आईकडे पाहिलं. रूपाच्या ते लक्षात आलं, आणि तिनेही वळून पाहिलं.

आईचे शब्द हल्ली एकमेकांत मिसळत. या वेळी मात्र तिने एकेक सुटा करून उच्चारला.

"त्याला बोलू नकोस. मीच सांगितलं त्याला."

"काय सांगितलंस?"

"तू कोल्हापूरला गेली असतीस." आईचा डावा हात चादरीवरून रूपाच्या मनगटाकडे सरकला. "तो तयार नव्हता. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा ऐकलं त्यानं."

ते दोन दिवस रूपाला आठवले. आईने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, आणि ती चमचा हातात धरून रडली होती. डॉक्टरांना घरी बोलावलं होतं. आपलंच काही चुकलं म्हणून तिने आईचे पाय धरले होते.

तिने आईचा हात मनगटावरून काढून चादरीवर ठेवला. पेजेची वाटी अण्णाच्या हातात दिली.

"गार होतेय. भरव."

"मला कुठे येतं गं..."

लॅपटॉप उचलून ती बाहेरच्या खोलीत आली आणि टेबलाशी बसली. कोल्हापूरचा मेल पुन्हा उघडला. "सप्रेम नमस्कार. आईची व्यवस्था होते आहे. आपल्याकडे ती जागा अजून..."

आतून चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज आला. मग ठसका. मग आईची हाक, "रूपा! याला जमत नाही गं!"

रूपा अर्धवट उठली. टेबलाची कड धरून क्षणभर तशीच उभी राहिली. ठसका थांबला, तशी ती खाली बसली.

"जमेल त्याला," ती तिथूनच म्हणाली, आणि पुढचा शब्द लिहू लागली.