छोट्या गिअरवरची पिशवी

मी जीप बोलतेय. डोंगर चढणारी, ओढे ओलांडणारी, चिखलात कधीही न रुतणारी. निदान माझ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत तरी तसं छापलं होतं. आणि आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. एका जुन्यापुराण्या पिकअपवर मी चार वर्षं जळत होते. तुम्ही म्हणाल, एवढी देखणी गाडी आणि त्या डबड्यावर जळते? हो, जळते. आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. बाहेर पडायच्या आदल्या दिवशी एका माणसानं मला मागच्या मैदानात नेलं. तिथं मातीचा एक चढ मुद्दाम करून ठेवला होता. माझ्यात दोन गिअर आहेत, म्हणजे गिअरच्या दोन दांड्या. एक मोठा, रोजचा. त्याच्या शेजारी एक छोटा. एरवी माझी मागची दोनच चाकं राबतात, पण तो छोटा टाकला की चारही एकदम जोर लावतात. त्या माणसानं छोटा गिअर खटकन टाकला आणि मी तो चढ असा चढले, असा चढले की काय सांगू! वर पोचल्यावर त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली आणि म्हणाला, "जा आता, खरे डोंगर बघ." माहेरची तेवढीच आठवण माझ्यापाशी आहे.

मग मी शोरूममध्ये आले. माझ्या शेजारी एक नवी कोरी पिकअप उभी होती. एका रविवारी एक जोडपं आलं. तो दातांचा डॉक्टर, तिची रोपवाटिका. तिच्याकडे एक जुनी पिकअप होती आणि ती थकली होती.

"अहो, ही नवी पिकअप घेऊ या," बाई म्हणाल्या. "माझी रोपंही जातील, तुमचा दवाखानाही होईल."

डॉक्टर माझ्याभोवती फिरत होते. तिसरी फेरी झाल्यावर म्हणाले, "अगं, वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघत आलोय. आता जरा डोंगर बघू दे ना मला."

बाई हसल्या. "बघा मग. माझी जुनी अजून ओढेल काही वर्षं."

त्या दिवशी मी जिंकले. त्या नव्या पिकअपकडे मी वळूनही बघितलं नाही. एवढा तोरा होता मला.

घरी आले तर इमारतीखाली ती उभी. जुनी पिकअप. निळा रंग उडालेला, मागचा फाळका दोरीनं बांधलेला, दोन्ही अंगांवर ओरखडेच ओरखडे. मला बघून म्हणाली, "ये गं धाकटे. सरकून घेते जरा." मी तिला त्या दिवसापासून मनातल्या मनात थोरली जाऊ म्हणायला लागले. जावांचं एकमेकींशी जेवढं पटतं, तेवढंच आमचं पटलं.

खरं सांगते, माझे लाड कमी झाले नाहीत. दर रविवारी डॉक्टर मला पुसायचे. बादली, दोन फडकी आणि एक जुना टूथब्रश. त्या टूथब्रशनं माझी पुढची जाळी घासायचे, वरून खाली, वरून खाली, पेशंटला दाखवतात तसं. दवाखान्यातला तो दांडीचा छोटा आरसा आणून माझ्या दारांच्या खाली गंज चढलाय का ते बघायचे. एकदा तर सवयीनं मला म्हणाले, "आ करा." वरच्या मजल्यावरून बाईंनी ऐकलं. पुढचा आठवडाभर त्या घरात हसत होत्या.

पण डोंगर? डोंगर कुठं होता? मी रोज घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर करत होते. वाटेत सहा गतिरोधक. माझ्या आयुष्यातले चढ तेवढेच. दोनदा कुठं बाहेर जायचं ठरलं आणि दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, "नको, रस्ता खराब आहे." ऐकलंत का? रस्ता खराब आहे म्हणून जीप नेली नाही! भाड्याच्या टॅक्सीनं गेले दोघं.

सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही त्यांनी. कारखान्यातून आले तेव्हाचं, तेच. "प्लास्टिक काढलं की गाडी जुनी झालीच समज," म्हणायचे. बाई क्वचित कधी माझ्यात बसल्या तर बसल्या बसल्या कुरकुर वाजायचं. "अहो, मला फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं वाटतंय इथं," त्या म्हणायच्या.

आणि माझा छोटा गिअर! त्याच्यावर डॉक्टर इस्त्रीच्या एप्रनची पिशवी अडकवायचे. अडकवायला बरा पडतो म्हणे. चार वर्षं त्याचा तेवढाच उपयोग झाला. संताप नुसता.

थोरलीचं मात्र बघा. पहाटे फाळका पडायचा, कुंड्या चढायच्या, मातीची पोती चढायची आणि ही खडखडत निघायची. दुपारी परत यायची ती गुडघाभर चिखल घेऊन. माझ्या शेजारी उभी राहून टपटप गाळायची.

"आज कुठं गेली होतीस गं?" मी नको नको म्हणता विचारायचेच.

"टेकडीमागे. ओढ्यातून जावं लागलं. तू?"

"दवाखान्यात."

"बरं झालं," ती म्हणायची. "सावलीत होतीस." ती चांगल्या मनानंच म्हणायची हो, पण माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

एकदा तिच्या हौद्याच्या कोपऱ्यात, सांडलेल्या मातीत, टोमॅटोचं रोप उगवलं. बाईंनी ते काढलं नाही. दोन महिने ते तिच्याबरोबर गावभर हिंडलं आणि त्याला तीन टोमॅटो लागले. माझ्यावर धुळीचा कण टिकत नव्हता आणि तिच्यावर टोमॅटो लागत होते! मला तिच्या ओरखड्यांचा हेवा वाटायचा. एकेक ओरखडा कुठं झाला ते तिला पाठ होतं. माझ्या अंगावर वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि मग इमारतीच्या सेक्रेटरींनी जिन्यापाशी कागद लावला. जागा कमी पडते, म्हणून पुढच्या महिन्यापासून प्रत्येक घराला एकच गाडी. डॉक्टरांनी तो कागद चष्मा लावून वाचला, काढून वाचला. दोन्ही वेळा मजकूर तोच निघाला. आमच्यातली एक जाणार होती.

मी हादरले. तोवर मला वाटायचं, मी नुसती कुढतेय. आता कळलं की घरच सुटू शकतं. तरी मनात म्हटलं, ज्याचा जीव माझ्यावर आहे तो मला विकेल होय? जाईल ती थोरली. तिला घेणार कोण, हा प्रश्न वेगळा.

त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, टूथब्रश माझ्या जाळीवर असतानाच डॉक्टरांचा फोन वाजला. बाई होत्या. दोनशे रोपं घेऊन ओढ्याकाठच्या नव्या बागेकडे निघाल्या होत्या आणि पिकअप चिखलात रुतली होती. "तुमची ती घेऊन या. दोर आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

माझी ती! चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला कामाला बोलावलं होतं.

आम्ही निघालो. डांबरी रस्ता संपला तिथं डॉक्टरांनी मला थांबवलं, हँडब्रेक ओढला आणि उतरून पायी चालू लागले. मला वर ठेवून! बूट चिखलात घालायला हरकत नाही, पण जीप नको. खाली थोरली दोन्ही मागची चाकं गाडून बसली होती. डॉक्टरांनी तिला मागून ढकललं. ती हलली नाही, पण त्यांचा एक बूट गेला.

बाई चिखलातून तरातरा वर आल्या. "किल्ली."

"अगं, हळू हं. त्या झुडपांचे ओरखडे..."

"किल्ली द्या अहो!"

त्या बसल्या. प्लास्टिक कुरकुरलं. त्यांनी एप्रनची पिशवी उचलून मागे भिरकावली आणि छोटा गिअर धरला. तो अडला. चार वर्षं कुणी हलवलाच नव्हता तो. त्यांनी दात ओठ खाऊन पुन्हा ओढला. खट्!

चारही चाकं. काय सांगू तुम्हाला! मी त्या चिखलात उतरले आणि चिखलानं मला बाजूला सारायच्या आत मीच त्याला सारलं. बाईंनी दोर बांधला. मी एकदा ताणलं, दोनदा ताणलं आणि तिसऱ्यांदा थोरली कण्हत बाहेर आली. "सुटले गं तुझ्यामुळं," ती म्हणाली. बाई माझ्या स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाल्या, "अगं बाई, केवढा जोर आहे हिच्यात!" येताना एक काटेरी फांदी माझ्या डाव्या दारावर पार या टोकापासून त्या टोकापर्यंत घासली. माझा पहिला ओरखडा. मला वाटलं, सगळ्यांना बोलावून दाखवावा.

संध्याकाळच्या आत डॉक्टरांनी तो घासून, पॉलिश लावून घालवला. मी आधी होते तशी मला करून ठेवलं.

पुसताना त्यांनी थोरलीकडे बघितलं. बाई तिची चाकं धूत होत्या.

"तू रोज असं जातेस?" त्यांनी बाईंना विचारलं.

"रोज कुठं. आठवड्यातून चारदा."

डॉक्टर हातातलं फडकं पिळत राहिले. बाईच म्हणाल्या, "अहो, जीपच ठेवू या. आज बघितलं ना? मागची सीट काढली की रोपं मावतील. चिखलात मी रुतणार नाही. तेवढं प्लास्टिक काढा म्हणजे झालं."

मी ऐकतच राहिले. जिच्या गाडीवर मी जळत होते, तीच मला ठेवा म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर कात्री घेऊन खाली आले. माझं दार उघडलं, पुढच्या सीटवर वाकले, प्लास्टिकची कड चिमटीत धरली. काप रे, मी म्हणत होते. एकदाच काप. पुढं मी सगळं बघते. त्यांनी कात्री उघडली. ज्या हातांनी हजारो दाढा उपटल्या, त्या हातांना ते होईना. अर्धा तास तसेच बसून राहिले. मग कड पुन्हा नीट खोचली, वरून हात फिरवला आणि कात्री खिशात घातली.

वर जाऊन म्हणाले, "पिकअप ठेवू. ही घरात राहिली तर मी नुसता पुसतच बसेन."

यात माझी काय चूक होती, सांगा ना. तिला ठेवलं ती खराब होती म्हणून आणि मला घालवलं मी चांगली राहिले म्हणून. त्या दिवसाइतकी मी थोरलीवर कधीच जळले नाही.

मला घ्यायला गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. गमबूट तसेच घालून. आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षं? आणि हे प्लास्टिक?" डॉक्टर काही बोलायच्या आत त्यांनी कड धरली आणि चर्रकन सगळं एका ओढीत काढलं. डॉक्टरांनी तोंड फिरवलं.

"हा छोटा गिअर चालतो का?"

"एकदाच टाकलाय," डॉक्टर म्हणाले. "आमच्या हिनं."

"एकदाच? डॉक्टर, तुमचं काम एका दाताचं असतं. मला अख्खी गाय बघायला डोंगरापलीकडे जावं लागतं." त्या हसल्या आणि बसल्या. प्लास्टिक नव्हतं, त्यामुळं आवाज झाला नाही. निघताना थोरली म्हणाली, "सुखानं नांद गं धाकटे." मेली शेवटपर्यंत चांगलीच वागली.

आता मी डोंगर बघते. रोज बघते. मागे कधी वासरू असतं, कधी मेंढी, तर कधी दोघं भांडत असतात. सीटला शेणाचा वास मुरलाय. उजवं दार एका बैलानं आत दाबलंय. दोन्ही अंगांवर इतके ओरखडे झालेत की मी मोजायचं सोडलं. मला पुसत कुणी नाही. पाऊस आला तर धुऊन निघते, नाहीतर तशीच. छोट्या गिअरच्या मुठीवरचे आकडेसुद्धा हाताच्या घासण्यानं पुसट झालेत. जे मागितलं ते सगळं मिळालं मला.

मग परवा चौकात सिग्नलला थांबले होते, तर शेजारी खडखडत थोरली आली. बाई चालवत होत्या. त्यांच्या शेजारी डॉक्टर. मांडीवर मातीची कुंडी, शर्टावर चिखल, हात दाराबाहेर लोंबकळत होता आणि ते कशावर तरी खळखळून हसत होते. माझ्यात बसून ते कधी असे हसले नव्हते. ज्या हातानं चार वर्षं माझी जाळी घासली, तो हात तिच्या पोचे पडलेल्या दारावर ताल धरत होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी सरळ बघितलं. आणि मान वळवली. इतक्या चिखलात मला ओळखणार तरी कसे? थोरलीनं ओळखलं. एकदा बारीकसा हॉर्न दिला आणि निघून गेली. मी सिग्नल सुटला तरी तिथंच होते. मागचे लोक ओरडायला लागले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला पुढं काढलं.

तर तुम्हाला एवढंच सांगायचंय. कधी दाढ दुखली आणि त्या दवाखान्यात जाणं झालं, तर तोंड उघडायच्या आधी डॉक्टरांना माझा एक निरोप द्या. म्हणावं, तुमची जीप खूप घाण झालीय, डाव्या दारावर पुन्हा तसाच ओरखडा पडलाय, त्याच जागी. आणि छोटा गिअर आता अजिबात अडत नाही. एकदा येऊन बघा म्हणावं. पुसायचं फडकं आणायची गरज नाही.