कुठून आलात, कुठे चाललात

"कुठून आलात?"

"घरून."

"कुठे चाललात?"

"तुम्ही सोडाल तिकडे," टेम्पोवाला म्हणाला आणि शेजारी बसलेला त्याचा जोडीदार फिदीफिदी हसला.

कारकून हसला नाही. त्याने पेन तसंच रोखून धरलं, तेव्हा टेम्पोवाल्याने निमूट गावाचं नाव सांगितलं.

रस्ते खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या या कारकुनाला कचेरीत पाठीमागे 'फुटपट्टी' म्हणत. शहराला बाहेरून वळसा घालणारा नवा महामार्ग काढायचा होता. त्याआधी जुन्या रस्त्यावरून कोण, कुठून, कुठे, किती वेळा जातं याची तीन दिवस पाहणी होती. नाक्यावर उन्हात उभं राहायचं म्हटल्यावर कोणाची कंबर धरली, कोणाकडे अचानक पाहुणे आले. फुटपट्टी आपणहून तयार झाला. "हौस दांडगी!" साहेब म्हणाले.

हौस कसली! त्याचा धाकटा भाऊ गाडी चालवायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं. कोणत्या रस्त्याने, कुठला माल घेऊन, हे नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. वडील गेले तेव्हा धाकटा दूर होता. "निघालोय दादा, मी येईपर्यंत थांबा," असा त्याचा फोन आला होता. नातेवाइकांनी घाई केली, आणि घड्याळावर चालणाऱ्या थोरल्याने ठरल्या वेळी सगळं उरकलं. धाकटा पोचला तेव्हा माणसं परतत होती. तो उंबऱ्याच्या आत आलाच नाही. त्यानंतर फोन लागेना, पत्त्यावर तो सापडेना.

पाहणीचा दुसरा दिवस मंगळवार होता. अकराच्या सुमारास हवालदाराने दुधाचा टँकर थांबवला. कारकुनाने कागदावरची नजर न काढता विचारलं, "कुठून आलात?"

उत्तरासाठी त्याने मान वर केली. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, पण खालचा ओठ दाताखाली धरायची सवय तीच होती.

"डेअरीतून," धाकटा म्हणाला.

कारकुनाने कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला.

"कुठे चाललात?"

"शहरापलीकडे. पॅकिंगच्या कारखान्यात."

"गाडीत माणसं किती?"

"एकटाच."

"या रस्त्याने किती वेळा येणं होतं?"

"मंगळवार, शुक्रवार. आठवड्यातून दोनदा."

"किती दिवसांपासून?"

हा प्रश्न कागदावर नव्हता. धाकटा समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "चौथं वर्ष चालू आहे."

चौथं वर्ष! नाक्यापासून घर पायी दहा मिनिटांवर. आपण कचेरीला निघताना चपला शोधत असू, बायको गॅलरीत कपडे वाळत घालत असेल, आणि हा पठ्ठ्या कोपऱ्यावरून आठवड्यातून दोनदा जात होता.

मागून हॉर्न वाजायला लागले. हवालदार ओरडला, "अहो साहेब, मुलाखत घेताय का? रांग पार पुलापर्यंत गेली!"

कारकुनाने शेवटचा प्रश्न वाचला. "नवा रस्ता झाला तर वापराल?"

"वापरावाच लागेल. शहरात शिरायचं कामच उरणार नाही." धाकट्याने गियरच्या दांड्यावर हात ठेवला. "वेळ किती वाचेल?"

"पाऊण तास."

"पाऊण तास," तो स्वतःशीच म्हणाला. "मी तेव्हा तेवढ्यानेच चुकलो, दादा."

"मी थांबायला हवं होतं," कारकून म्हणाला. नऊ वर्षं मनात घोळवून घोळवून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं. हॉर्नच्या कलकलाटात वरपर्यंत पोचलं की नाही, कोण जाणे. "गाडी बाजूला घे. घरी चल. तुझी वहिनी..."

"दूध आहे. नासेल." गाडी हलली. मग खिडकीतून डोकं बाहेर आलं. "वहिनी बरी आहे ना?"

"गुडघे दुखतात."

धाकट्याने मान हलवली आणि तो गेला.

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?" रात्री बायको कडाडली.

"दूध होतं."

"दूध होतं म्हणे! शुक्रवारी रजा टाका. मी बघते."

शुक्रवारपर्यंत पाहणी आटोपली होती. हवालदार नव्हता, गाड्या अडवायचा हक्क नव्हता. कारकून रस्त्याच्या कडेला आपला रोजचा तीन पुडांचा डबा घेऊन उभा राहिला. बायकोने पहाटे उठून तो गच्च भरला होता. टँकर दिसला तसा त्याने डबा उंच धरला. मागे एस.टी. लागलेली, थांबायला जागाच नव्हती. धाकट्याने वेग कमी केला, हात लांब केला, डबा घेतला. कारकून चार पावलं गाडीबरोबर धावला.

"डबा परत आणून दे!"

"आणतो, दादा!"

मंगळवारी टँकर आला तो दुसराच ड्रायव्हर घेऊन. कारकुनाने भर रस्त्यात हात दाखवून त्याला थांबवलं.

"त्यांची लाइन बदलली, काका. डेअरीने वरच्या जिल्ह्यात टाकलंय त्यांना. तिकडून यायचं म्हणजे दोन दिवसांची सुट्टी हवी."

"गाडीत माझा डबा राहिलाय का, बघता जरा?"

ड्रायव्हरने सीटमागे चाचपलं. "नाही बुवा. सामान हलवताना बरोबर नेला असेल त्यांनी."

"नेला?" कारकुनाने पुन्हा विचारलं. "नक्की नेला?"

पाहणीचा अहवाल त्यानेच लिहिला. नव्या रस्त्याने पाऊण तास वाचेल, शहरातली जड वाहनं पूर्ण बंद होतील, असं त्याने स्वच्छ अक्षरात नोंदवलं. पावसाळ्यानंतर महामार्ग मंजूर झाला. शहराबाहेर खुणेचे दगड रोवले गेले.

बायको म्हणाली, "नवा डबा आणू या का आता?" तो नको म्हणाला. रोज दुपारी तो टेबलावर फडक्याची गाठ सोडतो. नव्याने लागलेल्या टायपिस्ट बाईंना नवल वाटलं.

"हे काय, साहेब? डबा नाही आणत?"

"डबा आहे ना," तो म्हणाला. "भावाकडे राहिलाय."

आणि शेजारच्या गल्लीत भाऊ राहत असावा, इतक्या सहज त्याने पोळीचा तुकडा मोडला.