माझ्या दारातले तळे

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे, आणि सध्या मी कोरडा आहे. पहिली गोष्ट कुणालाही लांबून दिसते. दुसरी साधताना मात्र मी भंगारात जाता जाता वाचलो, म्हणून तिच्याबद्दल सांगतो.

मी एका मोठ्या कारखान्यात जन्मलो. मला घडवणाऱ्यांनी माझ्या दोन्ही दारांच्या तळाशी बोट जाईल एवढी भोके ठेवली. चुकून नव्हे, विचार करून. पावसाचे पाणी काचेवरून ओघळते आणि काचेच्या फटीतून थोडेफार दाराच्या पोटात उतरतेच. ते खालच्या भोकांतून निमूटपणे बाहेर पडावे, अशी ती सोय. ही भोके तुम्ही ध्यानात ठेवा. माझे मालक ती विसरले आणि तिथूनच माझी कहाणी ओली झाली.

माझे मालक प्लंबर आहेत. उमेदीच्या काळात मी त्यांच्यासाठी काय वाहिले नाही? पाइप, टाक्या, बेसिने, एकदा तर बाथटब आणि त्यात बसलेले त्याचे संशयी गिऱ्हाईक. काम संपले की मालक माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणत, "गाडी नाही, हत्ती आहे हत्ती!" मला पेट्रोलपेक्षा ती थाप जास्त मानवायची.

मालक कामात पक्के. फक्त गळती दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. कुणाकडे जेवायला गेले तरी ते आधी बेसिनखाली वाकून येतात. एकदा पाऊस थांबल्यावर त्यांना माझ्या दाराखालून थेंब पडताना दिसले.

"प्लंबरची गाडी आणि गळते?" असे म्हणून ते रस्त्यावर उताणे झोपले आणि दोन्ही दारांची सगळी भोके त्यांनी राखाडी लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवून टाकली. थेंब थांबले. मालक खूश झाले. मला पुष्कळ सांगायचे होते, पण मला बोलायला फक्त हॉर्न आहे आणि तो त्यांच्या हातात.

मग पाऊस आला. दाराच्या पोटात तळे साचले. आतल्या बाजूला पाणी अडवणारा प्लास्टिकचा पडदा असतो, तो मालकांनी स्पीकर बसवताना आधीच फाडून ठेवला होता. तळे भरले की पाणी त्या फाटक्या पडद्यातून गुपचूप केबिनमध्ये यायचे आणि थेट मालकीणबाईंच्या पायांशी थांबायचे. मालकांनी समोरच्या काचेवर संशय घेतला. काचेभोवती लांबीचे थर चढले. मग छताचे सांधे, मग मागची काच. माझ्या अंगावर पत्रा कमी आणि लांबी जास्त झाली. कार्पेटला बुरशी आली आणि सीटखाली कसलेसे रोपही उगवले. मालकीणबाई बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून बसू लागल्या. शेजारी विचारायचे, "काय प्लंबरसाहेब, मासे कधी सोडताय?"

अशात मालकांच्या आत्यांनी त्यांच्याकडे कायमचे राहायला यायचे ठरवले. मालकांना आत्यांनीच लहानाचे मोठे केले होते. आत्यांना दमा होता आणि कुबट वासाने तो हमखास उसळायचा.

मालकीणबाई म्हणाल्या, "रविवारी आत्यांना आणायचंय. या डबक्यात मी त्यांना बसवणार नाही. शनिवारी गाडी कोरडी झाली तर ठीक. नाहीतर भाड्याची गाडी करू आणि हिला भंगारवाल्याला देऊ."

भंगारवाला येऊनही गेला. त्याने माझ्या दारावर बोटाने टकटक केले आणि "तब्येत चांगली आहे की!" म्हणाला. खाटीक बोकडाला म्हणतो ना, अगदी तसे.

शनिवारी मालकीणबाईंनी केबिन जुन्या टॉवेलांनी कोरडी केली, काचांच्या आणि दारांच्या कडांना आतून वर्तमानपत्र चिकटवले, कारण ओला कागद लगेच दिसतो. मग त्या दार लावून आत बसल्या. मालक बाहेर नळी घेऊन उभे.

"एका वेळी एकच जागा हं," त्या ओरडल्या. "सगळीकडे फवारलंत तर कळणार काय, डोंबल?"

समोरची काच झाली. कागद कोरडा. छत झाले. कोरडे. मागची काच, तीही कोरडी. मालकांचा चेहरा पडत गेला, कारण लांबीचे सगळे थर निर्दोष ठरत होते. शेवटी नळी दाराच्या काचेवर आली. बराच वेळ काही झाले नाही.

"अहो, थांबा! दारात कुणीतरी गुळण्या करतंय."

"इंजिनचा आवाज असेल."

"इंजिन बंद आहे."

त्यांनी दार हलवले. आत डचमळले. आणि दाराच्या खालच्या कडेचा कागद बघता बघता काळपट झाला. मालकीणबाई उतरल्या, वाकून दाराखाली बघू लागल्या.

"ही बुचं कुणी मारली?"

"मी. गळत होतं."

"कुठून कुठे?"

"आतून... बाहेर," मालक म्हणाले, आणि स्वतःचेच वाक्य ऐकून त्यांनी नळी बंद केली.

"आतून बाहेर," मालकीणबाई सावकाश म्हणाल्या. "आणि ते तुम्ही थांबवलंत."

"हो."

मालक खाली झोपले आणि त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने पहिले बूच उपटले. आमचे तळे सरळ त्यांच्या बाहीत शिरून गळ्यापर्यंत गेले. मालकीणबाई इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावे लागले. मग सगळी भोके मोकळी झाली. दारांची आतली कव्हरे काढून दोघांनी प्लास्टिकचे नवे पडदे चिकटवले. कार्पेट आणि त्याखालचा फोम उन्हात पडला, केबिनमध्ये पंखा लागला. सीटखालचे रोप मालकीणबाईंनी कुंडीत लावले. त्याचा काही दोष नव्हता.

रविवारी नेमका पाऊस. मागे ताडपत्रीखाली आत्यांचे कपाट आणि खुर्ची, पुढे मालक, मध्ये मालकीणबाई, दाराशी आत्या. आत्यांनी दोनदा वास घेतला, मग पाऊल दाबून पाहिले.

"कोरडं आहे रे, ठोंब्या."

मालक फुगले. पण गाडी सुरू झाली आणि आत्यांनी वळून आपल्या घराच्या कुलपाकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले.

मालकांचा हात लगेच शिवशिवला. "आत्या, रडायचं नाही हं! आधी डोळे पूस बघू!"

"येऊ द्या की बाहेर," मालकीणबाई म्हणाल्या. "पुन्हा दारासारखं करू नका."

"दाराचं काय?" आत्यांनी नाक पुसत विचारले.

मालकांना सांगावेच लागले. बाहीपर्यंत गोष्ट आली तेव्हा आत्या हसत होत्या, गळ्यापर्यंत आली तेव्हा रडतही होत्या, आणि दमा मात्र कुठे दिसेना. माझ्या दाराखालून थेंब पडत होते. कुणीही त्यांना अडवले नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. घरी एखादी जुनी गाडी असेल तर तिच्या दारांची खालची भोके काडी घालून मोकळी ठेवा. आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसले तर लगेच बूच शोधायला धावू नका. आधी बघा, ते आत येते आहे की बाहेर जाते आहे.