मुसूच्या पाठीमागचं पत्र

मी एक जुना मुसू आहे. जिवंत नव्हे, कागदावर छापून चौकटीत बसवलेला. मित्रांनो, तीन वर्षं माझ्या पाठीमागे, कागद आणि फळी यांच्यामध्ये, एक पत्र दडवलेलं होतं. आमच्या झाकालिया गुरुजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. हे सगळं मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

मुसू म्हणजे गवतात राहणारा, मांजराएवढा थोराड उंदीर. कंपालातल्या दुकानात माझ्या शेजारी सिंह होते, हत्ती होते. ते भराभर खपले. मला कोण विचारणार? त्यातून छपाईत माझ्या डाव्या कानावर निळा डाग पडलेला. पण गुरुजी आले, थबकले आणि मला मित्यानाला आपल्या घरी घेऊन गेले. मुसू हे त्यांच्या कुळाचं देवक. त्या घरात मुसूचं मांस कधी शिजलं नाही. कुळातले पाहुणे आले की आधी मला बघून हसत. गुरुजींचा लहानगा दानियेरी म्हणे, "बाबा, याने कानावर शाई सांडून घेतलीय." ते माझे सुखाचे दिवस.

पुढे दानियेरी मसाकाला नोकरीला गेला आणि तिकडेच अपघातात वारला. काही महिन्यांनी तिथल्या स्पेसियोझा नावाच्या तरुणीचं पत्र आलं. गुरुजी ते इतक्या वेळा पुटपुटले की मला पाठ झालं. "माझी मुलगी दानियेरीची आहे. आमचं लग्न राहून गेलं. बाप्तिस्म्याचं नाव मी ठेवलं, पण कुळाचं नाव आजोबांनीच द्यायचं. द्याल ना? तो सांगायचा, घरच्या मुसूच्या कानावर शाई सांडलीय."

कुळाचं नाव नाही, तर आमच्याकडे मूल कुणाचंच नाही. तरी गुरुजींनी पत्र माझ्या पाठीमागे सरकवलं. वर्षभर नुसते माझ्याकडे बघत, मग तेही बंद झालं. धूळ बसली. आणि एका पावसाळ्यात वाळवी लागली. मला तिचं कुरतडणं ऐकू येई. मसाकाचा पत्ता त्या पत्राखेरीज कुठेही नव्हता. आज किती खाल्लं, उद्या किती उरेल, याच घोरात मी टांगलेला असे. ओरडायला तोंड होतं, पण छापलेलं.

एकदा गुरुजींची थोरली बहीण एसेझा आली. माझ्या चौकटीतून भुसा गळताना पाहून तिने मला खाली उतरवलं, फळी काढली आणि पत्र तिच्या मांडीवर पडलं. खालचा कोपरा गेला होता, पत्ता शाबूत होता. तिने बसल्या बसल्या वाचलं.

"झाकालिया! हे काय रे?"

"अक्का, मी लिहिणारच होतो."

"तीन वर्षं? कपाटं भरून पुस्तकं वाचलीस, आणि चार ओळी लिहवेनात? का तिचं खोटं वाटलं?"

"खोटं कसं? कानावरची शाई तिला कोण सांगणार? पहिल्या दिवशीच पटलं होतं."

"मग?"

"योग्य शब्द सुचेनात. आठवडा गेला, मग महिना. आता कुठल्या तोंडानं लिहू?"

"तोंडानं नको, हातानं लिही. मी इथे बसलेय. पोरीला आपल्या दोघांच्या आत्याचं नाव दे, ते कुळातलंच आहे. त्यात शब्द शोधायचे नाहीत."

गुरुजींनी पाच कागद फाडले. सहावा अक्काने हातातून ओढून पाकिटात घातला.

दुसऱ्या दिवशी दोघं मला कापडात गुंडाळून पोस्टाशेजारच्या चौकटवाल्याकडे निघाली. मित्रांनो, चौकट मोडली तर नवी मिळते, काच फुटली तर बसवता येते. माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल, पण कुणी उत्तराची वाट बघत असेल तर त्याचं पत्र माझ्यासारख्याच्या पाठीमागे ठेवू नका. वेडंवाकडं का होईना, लिहा.

पोस्टाच्या पेटीपाशी गुरुजींचा हात थांबला. "अक्का, वर 'सूनबाई' लिहिलंय. तिला राग आला तर?"

"येऊ दे. सासऱ्यावर रागवायचा हक्क आहे तिला. सोड आता."

कापडाच्या फटीतून मी बघत होतो. गुरुजींनी डोळे मिटले आणि पाकीट पेटीत सोडलं.