अर्धा हात कमी

ड्रिलचं टोक भिंतीतून बाहेर आलं आणि विटांचा लाल भुगा बाईंच्या हातातल्या जुन्या चादरीत भसकन सांडला. चादरीची झोळी करून त्या गॅलरीत उभ्या होत्या. खोलीतून मापाडी ओरडले,

"निघालं का?"

"निघालं! थांबवा आता, नाहीतर समोरच्यांच्या स्वयंपाकघरात पोचाल."

मशीन थांबलं. भोकातून आधी धूळ आली आणि मागून मापाडींचा एक डोळा दिसला.

"उतार बाहेरच्या अंगाला आहे ना, बघ. पाणी आत यायला नको."

बाईंनी भोकात बोट घालून बघितलं. उतार होता. मापाडींनी पाडलेलं भोक म्हटल्यावर तो असणारच होता.

मापाडी हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते आणि दुकानदारांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव फिरत फिरत घरातही आलं. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, तळाशी चेपलेलं तेलाचं माप, टोकाला घासून आखूड केलेला कापडवाल्याचा गज, असलं सगळं त्यांनी उभ्या नोकरीत पकडलं. निवृत्त झाल्यावरही भाजी घेताना ते काट्याकडे अशा नजरेने बघत की भाजीवाला न मागता मूठभर मिरच्या वर टाकून मोकळा होई. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. पहिलीचा वर्ग त्यांनी इतकी वर्षं सांभाळला की अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची.

एसी मुलाने पाठवला होता. मेकॅनिकला बोलवा, स्वतः उपद्व्याप करू नका, असं त्याने फोनवर बजावलंही होतं. मापाडींनी ते साफ झटकून टाकलं.

"मेकॅनिक काय करणार? अंदाजपंचे भोक पाडणार, दोन नट आवळणार आणि झालं म्हणून निघून जाणार. एवढं मला येतं."

मग ते मोबाईलवर व्हिडिओ बघत बसले. ओळखीच्या दुकानातून ड्रिल आणलं, गोल कटर आणला, पाने आणले. बाईंना याचं नवल वाटलं नाही. या माणसाने घरातला प्रत्येक खिळा स्वतः ठोकला होता, आणि तोही लेव्हलची पट्टी लावून.

खरा प्रश्न एसी कुठे लावायचा हा होता. घराला झोपायच्या खोल्या दोन, शेजारी शेजारी, दोन्हींच्या बाहेरून एकच लांब गॅलरी. मागच्या खोलीत मापाडी झोपत, पुढच्या खोलीत बाई. पुढची खोली मूळची सासूबाईंची. शेवटच्या आजारपणात त्यांना रात्री उठवावं, बसवावं लागे, म्हणून बाईंनी आपली गादी तिकडे नेली होती. सासूबाई गेल्या. नंतर काही दिवस भेटायला येणाऱ्यांची वर्दळ होती, मग उन्हाळा आला, मग कशाचंच कारण उरलं नाही आणि बाई तिथेच राहिल्या. मापाडींनी बोलावलं नाही, बाईंनीही विषय काढला नाही. बाईंनी त्या खोलीत हळूहळू एक दिवा आणला, एक आरामखुर्ची आणली, खिडकीत पुस्तकं ठेवली. मागच्या खोलीची चादर त्याच बदलत. मोठ्या पलंगाची एक बाजू चुरगळलेली असे आणि दुसरी जशी घातली तशीच, घडीच्या रेघांसकट. ती रेघ दिसली की त्यांना कसंतरीच होई, पण त्या चादर ओढून काढत आणि धुवायला टाकत.

एसी आला तेव्हा बाई सरळ म्हणाल्या होत्या, "पुढच्या खोलीला ऊन लागतं. तिकडे लावू."

मापाडी टेप घेऊन गॅलरीत गेले. बराच वेळ खाली वर करून परत आले.

"नाही जमायचं. सोबत आलेला पाइप पुरत नाही. अर्धा हात कमी पडतो." आणि मग तांब्याला सांधा दिला तर तिथून गॅस कसा गळतो, गळला तर गारवा कसा कमी होतो, गारवा कमी झाला की बिल कसं वाढतं, आणि बाहेरचं युनिट अलीकडे का घेता येत नाही, तर हवा गॅलरीच्या मागच्या टोकालाच खेळते, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं.

मापाडींनी मोजल्यावर पुन्हा टेप कोण लावणार? एसी मागच्या खोलीत लागणार हे ठरलं. मुलगा फोनवर म्हणालासुद्धा, "बरं झालं, आता आई पण मागेच झोपेल. तिला गरमीचा केवढा त्रास होतो." बाई म्हणाल्या, "बघू." पण त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. घाम पुसत पुढच्या खोलीत बसून राहिल्या असत्या तर सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं असतं. दोन दिवस त्या दिव्याकडे आणि खुर्चीकडे बघत होत्या आणि मागच्या खोलीत या गोष्टी मावतील का, याचा अंदाज घेत होत्या. खुर्ची मावत नव्हती.

चादरीतला भुगा त्यांनी बादलीत झटकला. मापाडी धुळीने माखून बाहेर आले. भुवयासुद्धा लाल झाल्या होत्या.

"मी पंप घेऊन येतो. पाइपातली हवा ओढून काढायला लागतो तो. तोवर तेवढी पाइपाची गुंडाळी सोडून ठेव. ओढू नकोस हं, जमिनीवर लोळवत लोळवत सोड. एकदा दुमडला की गेला कामातून."

"पहिलीची पोरं सरळ केलीत मी. पाइपाचं काय घेऊन बसलात?"

मापाडी तोंड धुऊन निघून गेले. बाईंनी गॅलरी झाडून घेतली आणि गुंडाळीचं एक टोक बाहेरच्या युनिटपाशी ठेवून ती लोळवायला सुरुवात केली. पांढऱ्या फोमचं कवच घातलेला पाइप गुमान सरळ होत गेला. मागच्या खोलीची खिडकी आली, गेली. नवं भोक आलं. पाइप अजून बराच होता. त्या लोळवत राहिल्या, कारण सरळ करायचा म्हणजे सगळाच करायचा. दोन खोल्यांमधली भिंत मागे पडली, आणि पाइपाचं टोक बाईंच्या स्वतःच्या खिडकीखाली येऊन थांबलं. म्हणजे थांबलंही नव्हतं. त्यांच्या हातात अजून एक वेटोळं शिल्लक होतं.

काहीतरी चुकलं असेल म्हणून त्या मागे गेल्या. युनिटपाशी वळण घ्यावं लागेल, तेवढं वळण दिलं. भिंतीवर उंच चढवावा लागेल, तेवढा सोडला. पुन्हा खिडकीशी आल्या. पाइप पुरत होता. अर्धा हात वर उरत होता.

बाई गॅलरीतच, एसीच्या रिकाम्या खोक्यावर टेकल्या.

शाळेत पाटी हरवलेलं पोर खोटं बोलायला लागलं की लांबलचक बोलतं. आधी कुत्रा येतो, मग पाऊस येतो, मग मोठ्या वर्गातला मुलगा येतो. ज्याने खरंच हरवलेली असते तो "हरवली" म्हणतो आणि रडतो. हे त्यांना इतकं पाठ होतं, आणि तरी गॅस, गारवा, बिल नि हवा ऐकून त्यांनी मान डोलावली होती. मेकॅनिक का नको होता तेही आता ध्यानात आलं. आल्या आल्या तो दोघांच्या देखत म्हणाला असता, पाइप चिक्कार आहे, कुठे लावू बोला.

त्यांना राग आला. दुसऱ्याच्या तराजूतली चिमूटभर खोट ज्याने कधी सोडली नाही त्या माणसाने घरात बायकोला अख्ख्या हाताने फसवावं! मग हसूही यायला लागलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा खोटं माप सांगितलं, तेही कशासाठी, तर ही इकडे झोपायला यावी म्हणून. बाईंना बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं, आणि त्याच वेळी खिडकीतली पुस्तकं दिसली आणि खोली हातची जाणार म्हणून वाईटही वाटलं. ही दोन्ही एकाच वेळी कशी होतात ते त्यांना कळेना.

मापाडी पंप बगलेत धरून आले. गॅलरीच्या दारातच त्यांना पाइप दिसला. युनिटपासून निघालेला, वळण घेतलेला, बाईंच्या खिडकीपर्यंत गेलेला. त्यांनी पंप खाली ठेवला आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"सरळ केला," बाई म्हणाल्या.

"हं. चांगला केलास." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "पण वळणात जातो बराच. दिसतो तेवढा नसतो."

"अहो."

"वळणात जातोच तो."

"वळण धरलंय. वर चढवायचा तोही धरलाय. टेप आणू का?"

मापाडींनी मान हलवली. टेप त्यांच्या खिशातच होता. ते येऊन खोक्याच्या दुसऱ्या टोकावर बसले आणि पुठ्ठा करकरला.

"पुरतो," ते म्हणाले.

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली.

"आई गेल्यावर वाटलं, तू येशील," मापाडी पाइपाकडे बघत म्हणाले. "मग वाटलं, दमलीय, पडू दे चार दिवस. मग इतके दिवस गेले की विचारायचं कसं तेच समजेना. तिकडे एकट्याला बरं वाटत नाही गं."

"मग हे बोलायचं. भिंत कशाला फोडली?"

"बोलायला जमेना. भिंत फोडायला जमते."

बाईंनी पाइपाच्या टोकावरचा सुटलेला फोम नीट दाबून बसवला.

"मला ती खोली आवडते," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर राग म्हणून नाही. मला हवं तेव्हा मी दिवा लावते, हवं तेव्हा मालवते. कुणाला विचारावं लागत नाही. असं मला आधी कधी मिळालं नव्हतं."

मापाडींनी हे ऐकलं. चेहऱ्यावर वाईट वाटलेलं सरळ दिसत होतं आणि ते लपवायच्या फंदात ते पडले नाहीत.

"म्हणजे एसी पुढे," ते म्हणाले.

"पुढे."

"आणि हे भोक?"

"बुजवा."

मापाडी उठले. कामाला हात लागला की त्यांना बरं वाटे. बादलीतल्या विटांचे तुकडे आणि थोडं सिमेंट कालवून त्यांनी भोक भरलं, थापीने वरून सारखं केलं. मागच्या खोलीतून एसी टांगायची लोखंडी प्लेट उतरवली. पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात मात्र ते अडले. प्लेट छातीशी धरून म्हणाले, "कुठल्या भिंतीला?"

"खिडकीच्या वर. वारा थेट पलंगावर नको."

"इथे? की जरा डावीकडे?"

"डावीकडे."

"एवढं?"

"अजून थोडं. हां, बास."

स्वतःच्या खोलीत त्यांनी कुणालाही न विचारता पेन्सिलीची खूण केली होती. इथे प्रत्येक स्क्रूला ते मागे वळून बाईंकडे बघत होते. दुसरं भोक पडलं, दुसऱ्यांदा चादर भरली. इनडोअर युनिट दोघांनी मिळून टांगलं. पाइप जोडताना नट दोन पान्यांनी आवळायचा असतो, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं. बाईंनी धरलं.

"घट्ट धर. हलू देऊ नकोस."

"तुम्ही फिरवा. मी हलत नाही."

पंप घरघरत राहिला. मीटरचा काटा खाली उतरून स्थिरावला. पंप बंद करून दोघं शेजारी शेजारी उकिडवे बसले आणि काटा हलतो का ते बघत राहिले. काटा हलला नाही. मापाडींनी युनिटची कळ उघडली, पाइपात गॅस सळसळत गेला. बाईंनी सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघितला. एकही बुडबुडा आला नाही.

"मेकॅनिकच्या बापाला जमलं नसतं," मापाडी म्हणाले.

"दोन भोकं पाडायचं तर नक्कीच नसतं जमलं."

ऊन उतरलं होतं. बाईंनी खिडकी लावली, रिमोट दाबला. मशीनने आधी खोकल्यासारखा आवाज काढला, मग पट्टी उघडली आणि गार हवा आली. बाई आरामखुर्चीत बसल्या. मानेवरचा घाम सुकत गेला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

मापाडी हत्यारं गोळा करत होते. पाने पिशवीत टाकले, काढले, पुन्हा टाकले. कटरवरची धूळ पुसली. खोली झाडून झाली. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"पंप पोचवायचाय," ते म्हणाले.

"उद्या पोचवा."

"हो. उद्याही चालेल." ते पिशवी घेऊन दाराशी गेले. दार उघडं होतं आणि गारवा बाहेर चालला होता. त्यांनी दाराला हात घातला आणि तसेच उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले.

बाईंनी डोळे उघडले. मापाडींनी पिशवी खाली ठेवली. पहिलीतल्या पोरासारखे दोन्ही हात दोन बाजूंना सोडून ते सरळ उभे होते.

"मी आत थांबू का?"

एवढंच विचारलं. पुढे गॅस आला नाही, बिल आलं नाही.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. उठून पलंगावरची आपली पुस्तकं उचलून खिडकीत ठेवली, उशी भिंतीकडे सरकवली.

"आज थांबा," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा विचारायचं."

"उद्या विचारतो," मापाडी म्हणाले, आणि त्यांनी दार आतून लावलं.